ग्रुप तुम्ही काढलात, मग वाचायचा कोणी?

केंद्राच्या या परिषदेत तिसरी-चौथीच्या वर्गशिक्षकांना मी आज सकाळी आल्या आल्या एकच प्रश्न विचारला. तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काल रात्री मुलांनी काय लिहिलं? एकालाही सांगता आलं नाही. कोणी म्हणालं, ग्रुप म्यूट करून ठेवलाय. कोणी म्हणालं, तो पालकांचा ग्रुप आहे, मुलं तिथे नसतात.

मुलं नसतात? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे ग्रुप आपणच काढले. अभ्यास पोचवायला दुसरा मार्ग नव्हता, तेव्हा ते योग्यच होतं. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र तसेच राहिले. नंबर वडिलांचा, नाव वडिलांचं, आणि संध्याकाळी फोन हातात असतो नऊ वर्षांच्या पोराच्या. व्हॉट्सअॅप वापरायला किमान १३ वर्षं वय लागतं, हे त्या कंपनीच्याच नियमांत आहे. हे माहीत असूनही आपण त्याच ग्रुपवर 'वाचनाचा व्हिडिओ टाका', 'उत्तरं लिहा', 'मित्राच्या चित्रावर अभिप्राय द्या' असे उपक्रम देतो आणि मग म्हणतो, मुलं तिथे नसतात. स्वतःची अशी फसवणूक करू नका.

आपल्या केंद्रातल्याच एका शाळेतली गोष्ट सगळ्यांच्या कानावर आहे. चौथीतल्या मुलीनं धडा वाचतानाचा व्हिडिओ टाकला. ती 'श' आणि 'ष'ला अडखळली. त्यावर हसरे स्टिकर सुरू झाले, मग कोणीतरी तिचा आवाज काढून व्हॉइस मेसेज टाकला, मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. ग्रुपवर शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, चाळीस पालक होते. एकानंही 'थांबा' असं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. वर्गशिक्षकांनी मला काय सांगावं? 'मॅडम, मुलांची मस्ती होती, मी मेसेज डिलीट करून टाकले.' वर्गात कोणी तिला असं चिडवलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतंत. मग ग्रुपवर तुमची शिक्षकी कुठे गेली?

पत्रलेखन शिकवायला आपण आठवडा घालवतो. तारीख कुठे, मायना कसा, मोठ्यांना काय लिहायचं, धाकट्यांना काय. आणि जिथे एकाच वेळी चाळीस घरं वाचतात तिथे कसं लिहायचं, यासाठी एक तासिकाही दिली नाहीत. पोराला विहिरीत पोहायला शिकवताना आपण कमरेला दोर बांधतो आणि एक जाणता माणूस काठावर बसवतो. इथे दोरही नाही आणि काठावरचा माणूस ग्रुप म्यूट करून झोपलाय.

आता नीट ऐका. सुरुवात फोनवर करायचीच नाही. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा. वर एक प्रश्न लिहा, मुलांच्या आवडीचा: मधल्या सुट्टीत मैदान कोणत्या वर्गाला कधी मिळावं? प्रत्येकानं पेन्सिलनं उत्तर लिहायचं, खाली नाव घालायचं, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तराखाली एक ओळ लिहायची. पहिल्याच दिवशी 'येडा आहेस का' असं कोणीतरी लिहील. लिहू द्या, खोडू नका. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ते वाचा आणि विचारा, हे त्याच्या म्हणण्याबद्दल आहे की त्याच्याबद्दल? तोंडावर म्हणाला असतास का? मग त्यालाच तेच म्हणणं पुन्हा लिहायला लावा: 'मला पटलं नाही, कारण…' 'कारण'च्या पुढे काहीतरी लिहावं लागतं, म्हणून विचार करावा लागतो. पंधरा दिवस हा कागद चालवा. ज्या मुलाला कागदावर नीट असहमत होता येत नाही, त्याला स्क्रीनवर येणार नाही. आणि हेही दाखवा की कागदावरचं खोडलं तरी डाग राहतो. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांच्या फोनमधून मेसेज काढायला साधारण दोन दिवस मिळतात. तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो कोणालाच काढता येत नाही.

त्यानंतर फोन. तोही तुमच्या देखरेखीखाली. 'फक्त अॅडमिनच मेसेज पाठवू शकतील' ही सोय ग्रुपमध्ये आहे. ती रात्री लावून ठेवायची, चर्चेच्या वेळेपुरती उघडायची, आणि त्या वेळात तुम्ही स्वतः तिथे हजर असायचं. ज्या शाळांत गूगल क्लासरूम वापरतात तिथे मुलांनी लिहायचं की नाही, हे शिक्षकालाच ठरवता येतं, आणि मुलानं पुसलेली पोस्टही शिक्षकाला पाहता येते. या सोयी तुमच्यासाठी केल्या आहेत, वापरा. आणि ग्रुपमध्ये कोण येतं तेही बघा. ग्रुपची लिंक तुमच्यापैकी काहींनी गावाच्या ग्रुपवर टाकली आहे. ती लिंक ज्याच्या हातात पडेल तो आत येतो, आणि आत आला की प्रत्येक सदस्याचा नंबर त्याला दिसतो.

मुलांना 'अनोळखी माणसाशी बोलू नका' एवढंच सांगून तुम्ही मोकळे होता. त्याचा काही उपयोग नाही, कारण ग्रुपवरचा माणूस त्यांना अनोळखी वाटतच नाही. तो मित्राच्या काकांच्या नावानं बोलतो, चित्राचं कौतुक करतो. मुलांना खूण शिकवा: जो कोणी म्हणेल 'हे आईला सांगू नकोस', 'ग्रुपवर नको, मला वेगळा मेसेज कर', 'एक फोटो पाठव', त्याची गोष्ट सगळ्यात आधी घरी नाहीतर शाळेत सांगायची. घराचा पत्ता, घरी एकटं असण्याची वेळ, ओटीपी, गणवेशातला फोटो, यातलं काहीही मागितलं तरी तसंच.

पण मूल सांगत नाही. का सांगत नाही, हा विचार कधी केलात? सांगितलं की घरी पहिल्यांदा मार बसतो, मग फोन जातो, आणि शाळेत आपण सगळ्यांसमोर विचारतो, 'तू तिथे गेलासच कशाला?' बोलणाऱ्या मुलाला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला काहीच नाही, ही रीत आपणच घातली. पालकसभेत हे पालकांच्या तोंडावर सांगा. सांगायला आलेल्या मुलाचं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, रागवायचं नाही. ही सवय मोठ्यांना लावणं हा या शिकवण्याचा अर्धा भाग आहे, आणि तोच कोणी करत नाही.

आता 'डिलीट करून टाकलं' याबद्दल. चिडवाचिडवीचा मेसेज काढला तर निदान त्या मुलीशी आणि त्या मुलांशी बोललात का, एवढाच प्रश्न उरतो. पण एखाद्या मुलाला कोणी घाणेरडा मेसेज किंवा चित्र पाठवलं आणि ते तुमच्या लक्षात आलं, तर ते पुसून गप्प बसण्याचा अधिकार तुम्हाला नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यात लैंगिक हेतूनं मुलाच्या मागे ऑनलाइन लागणं हाही गुन्हा आहे, आणि कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून गप्प राहिलो, ही सबब तिथे चालत नाही. आणि 'बघा काय आलंय' म्हणून ते चित्र शिक्षकांच्या ग्रुपवर तर अजिबात पुढे पाठवायचं नाही, त्या मुलाचं नावही कुठे घ्यायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लिहा आणि तो कशासाठी आहे ते त्यांच्याकडून वदवून घ्या.

शेवटचं तुमच्या स्वतःच्या वागण्याबद्दल, कारण मुलं तेच पाहून शिकतात. सरकारच्या यू-डायस नोंदीत मुलांची माहिती भरायची, त्यांचा अपार ओळख क्रमांक काढायचा, म्हणून तुम्ही सगळ्या पालकांना वर्गाच्या ग्रुपवरच आधार कार्डाचे फोटो टाकायला सांगितलंत. नाव, जन्मतारीख, पत्ता, चेहरा, सगळं चाळीस घरांच्या फोनवर. सकाळी मुलांना म्हणता, आपली माहिती कुणाला देऊ नका, आणि दुपारी त्यांचीच माहिती स्वतः मागवता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती लागते. गठ्ठ्यानं ग्रुपवर फोटो मागवणं ही संमती नव्हे. कागद शाळेत आणायला सांगा, नोंद करा, परत द्या. वेळ जास्त लागेल, लागू दे.

परिषद संपायला अजून अर्धा तास आहे. प्रत्येकानं आत्ता, इथे बसून, वर्गाच्या ग्रुपची जुनी लिंक बदलायची, नवीन सदस्याला अॅडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करायची, आणि सदस्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. जो नंबर कोणाचा आहे ते सांगता येणार नाही, तो काढायचा. यादी झाली की माझ्याकडे आणून दाखवा, मग सही करा आणि जा.