शेकडा, पण कशाचा?

करासह 1,180 रुपयांचं बिल आहे आणि जीएसटी 18 टक्के. मूळ किंमत किती? अनेक जण 1,180 चे 18 टक्के काढतात, 212 रुपये 40 पैसे, आणि ते वजा करून 967 रुपये 60 पैसे सांगतात. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, उत्तर चूक. कर लागला होता मूळ किमतीवर, आपण तो काढला एकूण रकमेवर.

त्रैराशिकानेही हे सुटतं: 118 ला 100, तर 1,180 ला किती? पण तिथे 100 नव्हे, 118 धरायचे, हे आधी सुचावं लागतं. समीकरण ते सुचवतं. मूळ किंमत क्ष मानू. क्ष + 0.18 क्ष = 1,180; म्हणून क्ष = 1,000. ‘क्ष मानू’ ही ओळ शाळेत आपण गुणांसाठी लिहितो. मला साऱ्या रीतीचं मर्म त्या ओळीतच दिसतं. टक्का नेहमी कशाचा तरी असतो. बोलताना तो ‘कशाचा’ गळून पडतो, आणि क्ष लिहिला की गळू शकत नाही.

‘लीलावती’त (1150) भास्कराचार्यांनी कमळांचं गणित घातलं आहे. तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला. उरलेली 6 कमळं गुरूंना. एकूण कमळं किती? इथे टक्के नाहीत, पण पेच तोच: हिस्से ठाऊक, पूर्ण अज्ञात. ते इष्टकर्माने, म्हणजे सोयीची संख्या मानून, सुटतं. कमळं 60 मानली, तर हिस्से वजा जाता 3 उरतात. उरायला हवीत 6, म्हणून कमळं 120. बीजगणितात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जितकं असेल तितकं. जे ठाऊक नाही त्यालाही नाव देऊन हिशेबात बसवणारा हा शब्द मला फार आवडतो.

हे नाव न दिल्याने माणसं नागवली जातात. 20,000 रुपये पगारात 20 टक्के कपात झाली, 16,000 उरले. वर्षाने 20 टक्के वाढ मिळाली आणि सांगितलं गेलं, ‘कापलेलं सगळं परत दिलं.’ पण ही वाढ 16,000 वरची. हातात येतात 19,200. पूर्ववत व्हायला किती टक्के हवेत? ते ट मानू. 16,000 × (1 + ट/100) = 20,000; म्हणून ट = 25. ही दोन ओळींची मांडणी ज्याला कुणी शिकवली नाही, त्याच्या घरी दर महिन्याला 800 रुपये कमी येतात, आणि हिशेब चुकता झाला असंच तो समजतो.