पाण्याची दुसरी पातळी

पवना, मुळशी, वरसगाव अशा जलाशयांच्या काठी उभ्या राहणाऱ्या नव्या घरांविषयी जे कौतुकाने लिहिले जाते, त्यात पारदर्शकता हा गुण जवळजवळ निर्विवाद मानला जातो. पाण्याच्या बाजूची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची केली, की आतले आणि बाहेरचे यांतील भेद विरघळतो व राहणारा निसर्गाशी एकरूप होतो, असे या मताचे सार सांगता येईल. मत आकर्षक आहे, आणि वारंवार उच्चारल्यामुळे त्याला सिद्धांताची प्रतिष्ठाही लाभली आहे. पण ते तपासण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

काच दृष्टीला वाट देते आणि उरलेल्या इंद्रियांना अडवते. वारा, ओल्या मातीचा वास, काठावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज हे सारे बाहेर राहते. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारभर पडदे ओढावे लागतात, आणि दिवेलागणीनंतर त्याच काचेत घरातल्या माणसांना स्वतःचेच प्रतिबिंब दिसू लागते. या परंपरेचे मूळपुरुष मीस व्हॅन डर रोह यांनी अमेरिकेत फॉक्स नदीकाठी बांधलेले आणि 1951 साली पूर्ण झालेले फार्न्सवर्थ घर आजही आदर्श म्हणून दाखवले जाते. मात्र त्यात राहणाऱ्या मालकिणीने उकाड्याची आणि किड्यांची तक्रार केली होती, आणि खांबांवर उचललेल्या त्या घरात नदीचे पाणी एकाहून अधिक वेळा शिरले, हे सांगताना आवाज खाली येतो. दुहेरी काच, खोल छज्जे, सरकती तावदाने यांनी हे दोष दूर होतात, असे पारदर्शकतावादी म्हणतील, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु मुख्य आक्षेप उकाड्याचा नाही. सर्व बाजूंनी सतत उघडे असलेले दृश्य काही दिवसांत पार्श्वभूमी होऊन जाते आणि डोळा ते पाहणे सोडून देतो, हा आहे.

हे आधुनिक वास्तुकलेच्या एका प्रवर्तकाला फार आधी कळले होते. ल कॉर्बुझिए यांनी 1923–24 मध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी आपल्या आईवडिलांसाठी जे चिमुकले घर बांधले, त्यात सुमारे 11 मीटर लांबीची आडवी खिडकी आहे खरी. पण बागेत पाण्याच्या बाजूलाच भिंत घालून तिच्यात एक चौकोनी झरोका ठेवला आहे. अमर्याद देखावा थकवतो, म्हणून त्याला मर्यादा घालावी लागते, अशी त्यांची भूमिका होती. पारदर्शकतावादी या घराची खिडकी उद्धृत करतात आणि भिंत विसरतात. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की सरोवराच्या पाण्याच्या चढउतारामुळे त्या घराला भेग पडली. दृश्याला शिस्त लावणाऱ्यालाही पाण्याची पातळी पुरेशी जमेस धरता आली नाही.

येथे खरा भेद लक्षात येतो. पाण्याकडे पाहणारे घर आणि पाण्याच्या पातळीशी नाते जोडणारे घर, हे दोन वेगळे प्रकार आहेत. सह्याद्रीतील हे जलाशय धरणांनी पाणी अडवून झालेले आहेत. त्यांच्या पोटात गावे आणि भातखाचरे आहेत, हे धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहापासून महाराष्ट्राला ठाऊक आहे. पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावरची पाण्याची उंची, पावसाळ्याच्या उत्तरार्धात गाठली जाते. पुढे सिंचन, पिण्याचे पाणी किंवा मुळशीप्रमाणे वीजनिर्मिती यांसाठी पाणी सोडले जाते आणि उन्हाळ्यापर्यंत काठ दूर सरकतो. मधल्या उघड्या पडलेल्या पट्ट्यात अनेक ठिकाणी शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे ओसरत्या पाण्यामागे उरलेल्या ओलीवर पीक घेतात. नव्या घरांच्या आराखड्यांत हा पट्टा बहुधा नसतोच. त्यांत निळी रेषा एकच असते, आणि ती भरलेल्या धरणाची असते. परिणामी मे महिन्यात काचेसमोर भेगाळलेली माती येते. मालकाला ती फसवणूक वाटते, कारण घर बांधताना ती कोणी विचारातच घेतली नव्हती.

कौलारू छप्पर आणि जांभ्या दगडाने प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांचा आग्रह वेषभूषेपुरताच आहे. हरित मानांकनाची पाटी पातळीबद्दल काहीच सांगत नाही. श्रीलंकेत देद्दुवा सरोवराकाठच्या लुनुगंगा येथे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी समोरच्या टेकडीचा माथा उतरवून घर, टेकडी आणि पाणी यांना एका दृष्टिरेषेत आणले, तेव्हा काच वाढवण्याऐवजी जमिनीवर अनेक वर्षे काम केले. त्या श्रीमंत चैनीचे अनुकरण येथे शक्य नाही आणि कदाचित इष्टही नाही. तरी घराची रचना जमिनीच्या उतारापासून सुरू करावी, एवढे त्यातून घेता येते. उतरत्या पायऱ्या, ऋतूप्रमाणे वापर बदलणारी ओटी, खाली गाळपेर करणाऱ्याची वाट न अडवणारे कुंपण, ही साधने महागडी नाहीत.

म्हणून वास्तुविशारदांनी जलाशयाकाठच्या प्रत्येक घराच्या छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या आकृतीत, पूर्ण संचय पातळी आणि उन्हाळ्यातील पातळी अशा दोन्ही रेषा दाखवाव्यात. आणि अशा घरांची वाखाणणी छापणाऱ्या संपादकांनी ऑक्टोबरच्या छायाचित्राबरोबर मे महिन्यातलेही मागून घ्यावे.