फुकटचा फोटो

आमच्या माळावर येणारे फोटोवाले एक वाक्य हमखास बोलतात. "आम्ही इथून काही नेत नाही हो. फक्त फोटो." बोलताना त्यांच्या मनात काही खोट नसते. माझ्या लहानपणी बंदूकवाले यायचे आणि तितर-लावे मारून पिशवीत घालून न्यायचे. त्यांच्या मानाने ही माणसं लाख बरी. तरीपण ते वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यात खुटखुटतंय. मी शेतकरी माणूस. कुणी 'फुकट' म्हटलं की आधी विचारतो, मग पैसे कोण भरतंय?

आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात. बारामती म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, पण आमच्याकडे कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि मुरूम. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर आम्ही सुगी मानतो. सुप्याजवळ चिंकाऱ्यांचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, त्यामुळे पुण्याकडची माणसं आधी तिकडं येत. पुढे त्यांना कळलं, की अभयारण्याच्या कुंपणाबाहेरही पाखरं आहेत. धाविक, पखुर्डी, चंडोल, माळटिटवी. मार्च लागला, ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली की गाड्या सुरू होतात. माझ्या पुतण्यानं एक जुनी जीप घेतलीय. तो या लोकांना फिरवतो आणि दिवसाला हजार-दीड हजार सुटतात. दोन एकर कोरडवाहूत वर्षभर राबून जेवढं उरत नाही, तेवढं त्याला उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत मिळतं. म्हणजे फोटोचा पैसा आमच्याच घरात येतो. मी जे लिहितोय ते या पैशाच्या घरात बसून लिहितोय, हे आधीच सांगतो.

आता टिटवीचं बघा. ती घरटं बांधत नाही. उघड्या रानात चार खडे गोळा करते आणि त्यात चार अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जुनी माणसं नांगरताना तेवढा तुकडा सोडून नांगर फिरवायची. आमच्याकडे अजून ट्रॅक्टरवालाही सोडतो, नाही सोडला तर घरातल्या बायका त्याला सोडायला लावतात.

अंडी उबवायला साधारण चार आठवडे लागतात. पण एप्रिलच्या दुपारी टिटवी अंडी उबवत नाही, ती अंड्यांवर सावली धरते. पारा चाळिसाच्या वर, मुरमावर अनवाणी पाय ठेववत नाही. अशात अंडं उघडं पडलं तर आतला जीव शिजतो. म्हणून नर-मादी आळीपाळीनं बसतात. एक जण पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतो. मी स्वतः हे पाहिलंय. आमच्या शेततळ्यापासून अंड्यांपर्यंत दिवसातून किती खेपा होतात, त्याची मोजदाद मी एका दुपारी सोडून दिली. मलाच ऊन सोसेना.

दोन वर्षांपूर्वी पुतण्यासोबत एक गृहस्थ आले होते. सज्जन माणूस, पाखरांची नावं तोंडपाठ. सकाळी अकराच्या सुमाराला ते अंड्यांपासून पंधरा पावलांवर बसले. टिटवी उठली, डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली. त्यांना ते आवडलं. उडतानाचे चांगले फोटो मिळत होते. अंड्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही. चाळीस मिनिटांनी उठले, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "तात्या, फार सहकार्य केलं हो तुमच्या टिटवीनं."

मी रात्री पुतण्याला म्हणालो, "तिनं सहकार्य नाही केलं रं, बोंब मारली."

तो म्हणाला, "तात्या, आपुन तिचं काय नेलं? नुसता फोटू तर हाय."

"चाळीस मिनिटांची सावली नेली."

पुढे त्या अंड्यांतून तीन पिलं निघाली. पुतण्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवली. "बघा, काय झालं का?" पिलं बघून मलाही आनंदच झाला. पण बिनब्रेकची गाडी एकदा घाटातून सुखरूप उतरली म्हणून ब्रेकची गरज नाही, असं कुणी म्हणत नाही. काही बिघडलं नाही हे टिटवीचं नशीब. आपण वागलो ते बरं की वाईट, हे तिच्या नशिबावरून ठरवायचं का? मला वाटतं, नाही. शेजाऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी हात घातलाच ना?

माझी धाकटी मुलगी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या देशावरची कितीतरी पोरं-पोरी तिकडच्या शाळांवर आहेत. गेल्या वर्षी चैत्रात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा पुतण्याही जुना घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून सोबत आला. कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरलो आणि मुलूखच बदलला. आमच्याकडे सावली शोधावी लागते, तिकडे ऊन शोधावं लागतं. पाऊस आमच्या पाच-सहा पट.

तिथल्या देवराईत धनेशाचं घरटं होतं. मलबारी कवड्या धनेश, काळा-पांढरा, चोचीवर शिंगासारखा तुरा. काही लोक त्याला गरुडच म्हणतात. त्याचा संसार ऐकून मी थक्क झालो. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा चोथा यांनी दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात. अडीच-तीन महिने ती आणि पिलं त्या फटीतून येणाऱ्या अन्नावर जगतात, आणि ते आणायचं एकट्या नरानं. वडा-उंबराची फळं गळ्यात साठवून आणायची आणि एकेक करून आत द्यायची. मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकणातली घरं चालायची, त्यातलाच हा प्रकार.

पुतण्यानं त्या बेहड्याच्या झाडासमोर, मोकळ्या जागेत तिकाटणं मांडलं. देवळाची झाडलोट करणारे एक म्हातारे आबा तिथं होते. ते हळूच म्हणाले, "पावणे, हितं नको. पाठी जांभळीच्या आडोशाला बसा. त्या बाप्याला खाली माणूस दिसला ना, का तो वडावरच बसून ऱ्हातो. गळ्यात फळं असून घराकडं येत नाय."

आम्ही मागे सरकलो. दीड तासानं नर आला. झाडाला बिलगून बसला आणि एकेक फळ फटीत देत गेला. पुतण्यानं तेवीस मोजली. फोटो लांबून आले, मध्ये एक फांदीही आली. पण तो म्हणाला, "तात्या, समोर बसलो असतो तर ही तेवीस आत गेलीच नसती." मी काही बोललो नाही. ते त्याला त्याचं कळलं होतं.

परतीच्या एसटीत मी हेच घोळवत होतो. कॅमेरा तोच, माणूस तोच, महिनाही तोच. पण घाटावर त्याची किंमत सावलीत मोजावी लागते आणि घाटाखाली घासात. धनेशाच्या मादीला उन्हाचं भय नाही, ती भिंतीआड आहे. टिटवीला दाणापाणी आणून देणाऱ्याची गरज नाही, पण उन्हापुढं ती उघडी आहे. 'इतक्या फुटांवर थांबा' असा एकच नियम दोन्हीकडे कसा चालेल? लांब थांबूनही नराची वाट अडवता येते. कायदा लागतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अंडी आणि घरटी यांना हात लावणं गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं. पण सावली आणि घास कायद्याच्या वहीत कसे लिहिणार? ते तिथं राहणाऱ्याला विचारावं लागतं, नाहीतर स्वतः गप बसून बघावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मोठा पाखरांचा कैवारी आलाय! माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलणारे तुम्हीच ना? होय, आम्हीच. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की आजही मी आरोळी ठोकतो. पण ते उघड भांडण आहे. दाणा माझा की तुझा, एवढाच वाद. पाखरालाही कळतं की हा माणूस हाकलतोय. त्यात फसवणूक नाही.

फसवणूक दुसरीकडे आहे. काही जण मोबाइलवर पाखराचा आवाज लावतात. रानातल्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. तो सगळं सोडून भांडायला येतो, फांद्या धुंडाळतो, आणि समोर कुणीच नसतं. फोटो झकास येतो. मला त्याचा राग टिटवीच्या चाळीस मिनिटांपेक्षा जास्त येतो. ते गृहस्थ निदान खोटं बोलले नव्हते.

मग लपून फोटो काढणं हीसुद्धा लबाडीच नाही का, असं पुतण्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी केर्टन नावाचे दोघे भाऊ होते, शेतकऱ्याचीच पोरं. १८९२ साली त्यांनी अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला. पुढे तर पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या आत बसून ते पाखरांचे फोटो काढत. वाचून मला हसू आलं. पण बैलात बसलेला माणूस पाखराला काही सांगत नाही, स्वतःला फक्त बाजूला ठेवतो. पाखरू आपलं काम करत राहतं. आवाज लावणारा त्याला कामावरून उठवतो. माझ्या मते लपणं आणि खोटं बोलणं यात एवढा फरक आहे.

फोटोच नकोत, असं मी म्हणणार नाही. आमच्या माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला माणूस मोकळा. कुणी मुरूम उपसतो, कुणी प्लॉट पाडतो. या माळावर कोण कोण नांदतं हे दाखवायला आमच्याकडे दुसरा पुरावा काय आहे? पखुर्डीचा नर टिटवीसारखाच पोटाची पिसं भिजवून पिलांसाठी पाणी आणतो, हे पुतण्याच्या फोटोत पाहिल्यावर आमच्या गावातली पोरं पाणवठ्यावर दगड मारायची थांबली. हे फोटोनं केलं, माझ्या उपदेशानं नाही.

म्हणून आता जीपमध्ये बसणाऱ्याला पुतण्या आधीच एक गोष्ट सांगतो. आपण जाऊ तेव्हा पाखरू जे करत असेल, ते त्याला करत राहता आलं पाहिजे. ते उठलं, ओरडलं, घास तोंडात धरून थांबलं, की आपण मागे फिरायचं. दहा ते चार जमिनीवरच्या घरट्याकडं जायचंच नाही. हे ऐकून एक-दोन गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या गाडीत गेली. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "तात्या, तुमच्या टिटवीपायी आमचे पैसे गेले, ते कोण देणार?"

तिचंही खरंच आहे. फुकट काहीच नसतं. आजवर टिटवी भरत होती, आता थोडं आम्ही भरतोय. निदान आमच्याकडे नाही म्हणायला तोंड आहे, आणि संध्याकाळी घरात भाकरी आहे. टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात. तिला आमच्या शेततळ्यापर्यंत एक खेप नीट करता आली, तरी मला पुष्कळ.