न पडलेला डाग

संगणकावर घडविलेली वस्तू जन्मतःच निष्कलंक असते, आणि तिच्या कर्त्याची पहिली अडचण हीच. कुंभाराचे मडके चाकावरून उतरते तेव्हा त्याच्या अंगावर बोटांचे वळ असतात. सुताराच्या पाटावर रंध्याची खूण राहते. आमच्या खेळातल्या मडक्यावर यांतले काहीच नसते. त्याची गोलाई गणिताने आलेली, काठ नको तितका धारदार, रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. पाहणाराला ते क्षणात खोटे वाटते. का वाटते हे मात्र त्याला सांगता येत नाही. मग आम्ही ते मळवू लागतो. काठावर एखादा टवका, पोटावर चुलीची काजळी, गळ्याशी पाण्याचा पांढरट क्षार. जे कधी चुलीवर चढले नाही आणि ज्यात कोणी पाणी भरले नाही, त्या मडक्याला आम्ही वीस वर्षांचा संसार बहाल करतो.

आम्ही म्हणजे चित्रपटाच्या धंद्यातली पगारी माणसे नव्हेत. रात्रीची जेवणे उरकल्यावर घरच्या संगणकावर ब्लेंडर उघडून बसणारे हौशी लोक. हे साधन मुळात एका डच कंपनीचे. कंपनी बुडाली तेव्हा, २००२ साली, टॉन रूझेंडाल याने लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सोडवून घेतले आणि सर्वांना मोकळे केले. तेव्हापासून ज्याच्यापाशी बरा संगणक आणि पुष्कळ चिकाटी आहे, त्याला घरबसल्या सृष्टी निर्माण करण्याची मुभा आहे. चिकाटीचा वाटा संगणकापेक्षा मोठा, हे वेगळे सांगावयास नको.

आता एक साधा प्रश्न. जुन्या बाजारातला एखादा व्यापारी नव्या लाकडाला चहाचे पाणी चोळतो, साखळीने चार ओरखडे काढतो आणि पेटी पेशवाईतली म्हणून विकतो. त्याला आपण लबाड म्हणतो. मी तेच करतो; किंबहुना त्याच्यापेक्षा अधिक बारकाईने करतो. मग मला कलावंत म्हणावयाचे ते कशाच्या जोरावर? मी काही विकत नाही आणि पाहणाराला हे चित्र आहे हे ठाऊक असते, हे उत्तर सर्वांच्या जिभेवर तयार असते. मला ते अपुरे वाटते. पाहणाराला ठाऊक असते हे खरे. पण आमची सारी धडपड ते त्याने विसरावे यासाठीच चाललेली असते.

या विद्येची कुळकथा पाहिली तरी तीत फसवणुकीचा अंश पहिल्यापासून आहे. १९७४ साली उटाह विद्यापीठात एड कॅटमल याने आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर सपाट चित्र चिकटविण्याची रीत दाखविली. चार वर्षांनी जिम ब्लिन याने त्यापुढची युक्ती काढली. संत्र्याच्या सालीवरचे खळगे प्रत्यक्ष खणण्याचे कारण नाही. पृष्ठभाग आहे तसाच गुळगुळीत ठेवावा आणि तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे याचा हिशेब तेवढा जागोजाग किंचित बिघडवावा. उजेड त्या हिशेबाप्रमाणे वागतो आणि खळगे दिसू लागतात. फक्त संत्र्याची बाह्यरेषा पाहू नये. ती बिलियर्डच्या चेंडूसारखी नितळ राहिलेली असते, आणि खोटे उघडे पडते ते नेहमी तिथेच, कडेला. १९७५ साली मार्टिन न्यूएल याने आपल्या घरची चहादाणी आकड्यांत उतरविली. पुढे साऱ्या जगातल्या प्रयोगशाळांनी तिच्यावर उजेड-सावलीचे प्रयोग केले. त्या चहादाणीला मूळच्या आकड्यांत बूडच नव्हते! टेबलावर ठेवलेल्या भांड्याचे बूड कोण पाहणार? आम्हीही जे कॅमेऱ्याला दिसणार नाही ते रंगवीत नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनाला यत्किंचितही टोचणी नाही. नाटकातल्या राजवाड्याच्या मागे बांबूच असावयाचे.

पोत हा शब्द आपल्या समीक्षकांनी कवितेसाठी इतका वापरला आहे की तो मूळचा कापडाचा, हे विसरायला झाले आहे. आमच्या कामात तो पुन्हा कापडाकडे येतो. घडविलेल्या वस्तूवर चित्र चढवावयाचे तर आधी तिची साल कल्पनेने सोलून सपाट पसरावी लागते, आणि कापावयाचे कुठे हे शिंप्यासारखे ठरवावे लागते. शिवण काखेत, पाठीमागे, जिथे नजर जात नाही तिथे यावी. याउपर त्यात विशेष काही नाही. कंटाळवाणे काम आहे, पण बेतणे चुकले की अंगरखा अंगावर बसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. नवशिका रंगाच्या मागे लागतो. वस्तुतः रंग हा पृष्ठभागाच्या चरित्रातला सर्वांत उथळ भाग. चुन्याची भिंत म्हटली की तो शुभ्रातला शुभ्र रंग घेतो, आणि मग त्याची खोली धुक्याने भरल्यासारखी दिसते. कारण तशी भिंत पडलेला सगळाच्या सगळा उजेड परत फेकते, आणि खोलीतला उजेड मरतच नाही. निसर्गात असे काही नसते. ताजे हिमसुद्धा शंभरातला ऐंशी-नव्वद भागच उजेड परत देते. उलट कोळसाही अगदी काळा नसतो, तोही चारेक भाग देतोच. रंगापेक्षा महत्त्वाचा असतो तो खडबडीतपणा. उजेड पृष्ठभागावरून एका दिशेने परततो की चारी दिशांना विखुरतो, एवढ्याच गोष्टीवर ओले-कोरडे, नवे-जुने, हाताळलेले आणि अस्पर्श हे सारे भेद उभे असतात. पितळेच्या तांब्याचा रंग सगळीकडे तोच ठेवा. ज्या ठिकाणी तो रोज हातात धरला जातो तेवढ्याच पट्ट्यात खडबडीतपणा कमी करा. तांब्या एकदम कुणाच्या तरी घरचा होतो.

हे ‘कुणाच्या तरी’ मला फार मोलाचे वाटते. अलीकडे वस्तू झिजविण्यासाठी तयार युक्त्या मिळतात. कळ दाबली की पुढे आलेल्या सर्व कडांवरचा रंग खरवडून निघतो आणि सर्व कोपऱ्यांत धूळ बसते. प्रथमदर्शनी फार छान दिसते. दहा मिनिटांनी उबग येतो. कारण ही झीज कोणाच्याच हातची नसते. खऱ्या घरातले कपाट सर्व कडांनी सारखे झिजत नाही. ते उजव्या दाराच्या मुठीशी झिजते, आणि खाली, जिथे फरशी पुसणारीचे ओले फडके रोज लागते तिथे फुगते. दाराला लोंबणारी कडी लाकडावर हलत राहते आणि पन्नास वर्षांत एक कमान कोरते. अशी कमान मी दारावर काढतो तेव्हा ते दार कधी अस्तित्वात नसले तरी मला खोटे बोलल्यासारखे वाटत नाही. पेटीवर ओरखडे काढणाऱ्या व्यापाऱ्यात आणि माझ्यात फरक आहे तो इथे, असे मी बरीच वर्षे मानीत आलो. त्याचे ओरखडे किमतीसाठी असतात; माझी कमान कडीसाठी असते. ज्या खुणेला वस्तूच्या आयुष्यात कारण आहे ती कल्पित. जिला तसे कारण नाही ती खोटी. कादंबरीकार याहून वेगळे काय करतो?

ही विचारसरणी मला पुरेशी होती. कोकणातले आमचे घर करावयाला घेईपर्यंत.

ते घर २००९ साली विकले गेले आणि पुढच्या पावसाळ्याआधी पाडले गेले. जांभ्याचे, मातीच्या गिलाव्याचे, ओटी-पडवी-माजघर असे चारचौघांसारखेच घर. त्याचे दोन फोटो उरले आहेत. दोन्हींत माणसे फार आणि घर थोडे. कुटुंबातल्या मुलांना दाखवावे म्हणून मी ओटीवरून फिरणारे चाळीस सेकंदांचे एक दृश्य तयार करू लागलो. ओटीच्या भिंतीवर तेलाचा एक डाग होता. आजोबा दुपारी भिंतीला डोके टेकून बसत, आणि त्यांच्या डोक्यावरचे खोबरेल वर्षानुवर्षे त्या चुन्यात मुरत गेले होते. दर दिवाळीला भिंतीला चुन्याचा हात फिरे, डाग नाहीसा होई, आणि महिन्या-दोन महिन्यांत नव्या चुन्यातून पुन्हा वर येई. डाग होता यात शंका नाही. तो दाराच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, हे मला आठवत नव्हते, आणि फोटोंत ती भिंत नाही.

मी तो डावीकडे घातला. अंगणातला उजेड डावीकडे तिरपा येतो, आणि तेलाचा पृष्ठभाग तिरप्या उजेडातच आपली चकाकी दाखवितो, कारण एवढेच. काम मात्र मन लावून केले. कोरडा चुना पांढरा दिसतो तो त्याच्या सूक्ष्म छिद्रांतली हवा उजेड विखुरते म्हणून. तेल त्या छिद्रांत भरले की विखुरणे कमी होते, उजेड आत जिरतो आणि भिंत काळवंडते. म्हणून नुसता तपकिरी ठिपका काढून भागत नाही. रंग गडद करावयाचा, त्याच जागी खडबडीतपणा उतरवावयाचा, आणि वर चुन्याचे एकावर एक पातळ थर देऊन खालचा डाग त्यांतून अर्धवट जाणवू द्यावयाचा. डाग गोलही नसतो. माणूस बसल्या बसल्या खाली घसरतो, त्यामुळे तो लांबट होतो, आणि खालच्या बाजूला तेलावर धूळ धरते. हे सारे मी केले.

मग रेंडर. १९८६ साली जेम्स काजिया याने प्रकाशाचे जे समीकरण मांडले त्याचा अर्थ सोपा आहे: कोणत्याही बिंदूकडून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड अधिक इतर सर्वांकडून त्याच्यावर पडून परतलेला. सोडविणे मात्र अवघड. संगणक दर बिंदूमागे शेकडो किरण अंदाजाने सोडतो आणि सरासरी काढतो. किरण थोडे असले तर चित्र रव्यासारखे दाणेदार दिसते. तो रवाळपणा निम्मा करावयाचा तर किरण चौपट करावे लागतात. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे माझी ९६० चित्रे. दर चित्राला पाच मिनिटे धरली तरी ऐंशी तास होतात. म्हणून आता सारे जण किरण थोडेच सोडतात आणि उरलेला रवा दुसऱ्या एका यंत्रणेकडून पुसून घेतात. ही यंत्रणा हजारो चित्रे पाहून शिकलेली असते. दोन दाण्यांच्या मध्ये काय असावे हे ती ठरविते आणि तिथे भरून टाकते. बहुधा बरोबरच भरते. पण भरलेला भाग कोणता आणि उजेडाने खरोखर आणलेला कोणता, हे तयार चित्रावरून मागाहून कोणालाच सांगता येत नाही.

चित्र आत्याने पाहिले. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि त्या ओटीवर तिच्याइतकी वर्षे आता हयात असलेले कोणी राहिलेले नाही. डाग येताच तिने पडद्याला बोट लावले. “अरे, हा इथेच होता. या बाजूला. दारातून येताना डाव्या हाताला. आई दर वर्षी चुना लावताना करवादायची.” तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी गप्प राहिलो.

दादा, माझा चुलतभाऊ, नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, “डावीकडे कशावरून? मला तर उजवीकडे आठवतो. उजव्या बाजूला पंचांग टांगलेले असे, आजोबा त्याच्याखाली बसत.” मी म्हटले, तुला आठवतो तर उजवीकडे घेऊ. तर तो म्हणाला, “माझेही खात्रीचे नाही. पण आता आत्याला विचारून उपयोग नाही. तू तिचा साक्षीदार फितवलास.”

दादाचा शब्द कडक आहे, पण तो टाकून देता येत नाही. माझ्या कारणांच्या कसोटीला तो डाग पूर्णपणे उतरतो: त्याच्यामागे माणूस आहे, तेल आहे, दुपार आहे, दिवाळीचा चुना आहे. तरीही काहीतरी झाले आहे, आणि ते मडक्याच्या बाबतीत होत नाही. कल्पित मडक्याने कोणाचीही जागा घेतलेली नसते. हा डाग दुसऱ्या एका डागाच्या जागेवर बसला आहे, जो खरोखरच होता. आणि माझा जितका हुबेहूब, तितका तो अधिक घट्ट बसला. ओबडधोबड काढला असता तर आत्याने म्हटले असते, “हो रे, असे काहीसे होते,” आणि आठवू लागली असती. हुबेहूब असल्यामुळे तिला आठवण्याचे कारणच उरले नाही. व्यापाऱ्याची लबाडी गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत जाते. ही कुठवर गेली हे मोजावयाला माप नाही.

यावर कोणी म्हणेल की स्मृतीचे काम असेच चालते. तीही आपले दाणे स्वतःच पुसून घेते, मध्ये काय असावे ते स्वतःच भरते. खरे आहे. पण तिच्या मनाने भरणे आणि मी भरून देणे यांत मला फरक वाटतो, आणि तो तिला आनंद झाला एवढ्यावरून मिटत नाही. दुसरे कोणी म्हणेल, मग जे नक्की ठाऊक नाही ते काढूच नये. तेही मला पटत नाही. डाग नसलेली ती भिंत अधिक खोटी झाली असती. आजोबा तिथे बसलेच नाहीत असे ती म्हणाली असती.

मधला मार्ग असावा असे मला ‘फ्लो’ पाहताना वाटले. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोदिस याने ब्लेंडरवर केलेला हा चित्रपट. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. त्यातल्या मांजराचा केस न् केस मोजलेला नाही. रंगाच्या फटकाऱ्यांत ते उभे आहे, आणि पाहणारा आपल्या पाहण्यातल्या मांजराचे केस त्याला देतो. साधनांच्या मर्यादेमुळे हे किती आणि समजून-उमजून किती, ते असो. पण त्या पृष्ठभागांत पाहणाऱ्यासाठी जागा आहे. माझ्या भिंतीत आत्यासाठी ती नव्हती.

त्यानंतर घराचे काम मी थांबविलेले नाही. जे मला निश्चित आठवते त्याला पोत देतो: ओटीच्या कडेचा गुळगुळीत जांभा, झोपाळ्याच्या कड्यांचा गंज, उंबरठ्याची मधोमध पडलेली खळगी. जे आठवत नाही ते करड्या मातीच्या रंगात, ब्लेंडर नवी वस्तू देते तसेच, सोडून देतो. माजघर जवळजवळ सगळे करडे आहे. मुले विचारतात, हे अर्धवट का? त्यांना मी म्हणतो, आत्येआजीला विचारा, तिथे काय होते. ती सांगते तेव्हा मी जवळ असलो तर ऐकतो. पण त्याच रात्री बसून रंगवीत नाही.

डाग वेगळ्या थरावर ठेवला आहे, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो. दादाच्या प्रतीत तो नाही. आत्याच्या फोनवरच्या प्रतीत आहे, डाव्या हाताला, आणि आल्यागेल्याला ती दाखवीत असते.