ठेंगणेपणाची कैफियत

आपली बालके खुरटलेली नाहीत, त्यांना मोजण्याचे मापच परके आहे, असा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ साली मांडला. आणि तेव्हापासून भुकेच्या जागतिक निर्देशांकात भारताचे स्थान खाली गेले की तोच युक्तिवाद पुन्हा पुढे येतो. गडचिरोलीतील आदिवासी बालकांच्या कुपोषणाचा विषय निघाल्यावर सुशिक्षितांच्या बैठकीत त्याचे जे देशी रूप ऐकावे लागते, ते असे की, हे लोक मुळातच ठेंगणे. हे विधान मला केवळ चुकीचे नव्हे, तर अन्यायाचे वाटते. कारण जे उपजत ठरले, त्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसृत केलेली वाढीची मापे सहा देशांतील बालकांवरून निश्चित झाली, त्यांत दक्षिण दिल्लीच्या सुस्थित घरांतील मुले होती, आणि पुरेसा आहार व निरोगी परिसर लाभल्यामुळे ती नॉर्वे वा घाना येथील मुलांसारखीच वाढली. वास्तविक एवढ्यावर हा वाद मिटावा. परंतु त्याचे एक मूळ आपल्याच महाराष्ट्रात असल्यामुळे तेथे थोडे थांबणे भाग आहे.

अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली, तेव्हा तिला सर्वांत समर्थ आव्हान दिले ते सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानणे शास्त्रशुद्ध नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांनी त्यावर कठोर टीका केली. पुढे अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा पोषणतज्ज्ञ गोपालन यांनी तिचा जो प्रतिवाद केला तो मला निर्णायक वाटतो: खुरटलेल्या देहाची श्रमशक्ती घटते, आणि खुरटलेली आई पुन्हा लहानच मूल जन्माला घालते.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा सुखात्म्यांचे खंडन करावे, असाच माझा हेतू होता. पण त्यांच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग मी इतकी वर्षे दुर्लक्षिला होता, हे आज कबूल केले पाहिजे. पुण्यात ते आग्रहाने सांगत राहिले की, पाणी दूषित असेल आणि आतडी वारंवार रोगग्रस्त होत असतील, तर पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही. गडचिरोलीत हेच दिसते: पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, हिवताप आणि हगवण घरोघरी शिरतात, कणगीतले धान्य तळाला जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रोवणीसाठी गरोदर बाई चिखलात वाकून उभी असते. या चार गोष्टींतली एकच वेगळी काढून तिला कुपोषणाचे कारण म्हणणारा मनुष्य त्या मुलखात एक आषाढही राहिलेला नसतो.

एटापल्ली तालुक्यातील एका अंगणवाडीत सेविका दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला घेर मोजण्याची पट्टी गुंडाळत होती; माप साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या तांबड्या पट्ट्यावर थांबले. जन्मतः वजन किती होते, असे मी विचारताच वही न उघडता ती म्हणाली, “पावणेदोन किलो.” शेजारी उभ्या असलेल्या आईच्या दंडाकडे मी पाहिले. तो मोजण्यासाठी त्या दफ्तरात रकानाच नव्हता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नव्वदीच्या दशकात नोंदी केल्या, तेव्हा सुमारे ४२ टक्के अर्भके कमी वजनाची जन्मलेली आढळली. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केल्यावर घरोघर नवजातांना ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर औषध मिळू लागले, आणि नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले; हा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू टळतो, हे त्याने सिद्ध केले. पण वाचलेले बाळ पावणेदोन किलोचे का जन्मते, या प्रश्नाचे उत्तर आईच्या ताटात आणि तिच्या श्रमात आहे. बाळ मोठे झाले तर प्रसूती अवघड जाईल, या भयाने पोटुशी बाई आणखी दोन घास कमी खाते. ते भय दवाखाना दूर असल्यामुळे आहे, अज्ञानामुळे नव्हे.

आणि ताटाचा प्रश्न अखेर जंगलापाशी येतो. १८७८ च्या वन कायद्याने अरण्याचा रहिवासी अरण्यातच बेदखल झाला. मोह, कंद, मासळी, शिकार यांवर सरकारी अंमल बसला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो मी आरोग्याचाच दस्तऐवज मानतो. राज्य शासनाची २०१५ पासूनची अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातेला एक वेळचे चौरस जेवण देते. ते रोज आणि वेळेवर मिळालेच पाहिजे. पण ती दया नव्हे, हिरावून घेतलेल्याची अल्पशी परतफेड आहे.

म्हणून अंगणवाडीच्या वहीत मुलाच्या आधी आईचे आणि तिच्याही आधी किशोरीचे वजन लिहिले जावे, एवढी मागणी प्रत्येक ग्रामसभेने करावी. पट्टीच्या तांबड्या भागावर थांबलेली ती मुलगी उद्या आई होईल. तिच्या बाळाचे वजन किती भरावे, हे आजच ठरत आहे.