हन्नाचा लहान झगा



वारंगा फाट्यावर थंडी पडली की एखादी आई लोकर-सुया घेऊन बसते. एक बाही लांब होते, एक आखूड. पोर मात्र तोच स्वेटर अंगातून काढू देत नाही.

हन्नाने शमुवेलला शिलो येथे एली याजकाकडे ठेवले. दरवर्षी ती त्याच्यासाठी लहान झगा करून नेत असे (१ शमुवेल २:१९). मुलगा डोळ्यांसमोर नाही. वर्षात किती वाढला, हे तिने अंदाजानेच धरले असणार. कधी तो तोकडाही झाला असेल. शास्त्र मापाचे काही सांगत नाही. ‘दरवर्षी’ हे मात्र सांगते.

मुलांना वसतिगृहात किंवा ऊसतोडीपायी आजीकडे ठेवणाऱ्या मातांनो, अर्धवट विणलेला स्वेटर असेल तर तसाच वेदीजवळ आणा. मिस्सानंतर त्या मुलांची नावे घेऊन प्रार्थना करू.