उद्यांच्या भीतीपायीं

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील कित्येक आईबाप सकाळची लोकल गांठून मुंबईस जातात ते दिवेलागणीनंतरच परततात. मुलानें मोबाईलच्या पडद्यास चिकटूं नये, पण संगणकाच्या युगांत तें मागेंही राहूं नये, अशी त्यांची दुहेरी चिंता असते. चारपांच वर्षांच्या बालकांस शिकविण्यांत येणारें 'पडद्यावांचून कोडिंग' त्यांस म्हणूनच पटतें. त्यांत जमिनीवर चौकटी आंखावयाच्या, बाणांच्या चिठ्ठ्या क्रमानें मांडावयाच्या व तदनुसार खेळण्यांतील ससा गाजरापर्यंत न्यावयाचा. वाट चुकल्यास कोणता बाण चुकला तें शोधावयाचें.

यांत वाईट तें काय? माझ्या मतें कांहींच नाहीं. आपली चूक आपण शोधणें हेंच विचाराचें मूळ होय. माँटेसरीबाईंच्या साधनांतही चूक दाखविण्याचें काम शिक्षिकेकडे नसून साधनाकडेच असतें. त्याच परंपरेंतील ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, तेव्हां ठाणें जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें, बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. आणि गरिबांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. मूल जेथें व जसें आहे तेथूनच आरंभ करावयाचा, हा त्यांचा धडा.

तेव्हां प्रश्न साधनाचा नसून हेतूचा आहे. ससा भलत्याच चौकटींत शिरला कीं मूल खदखदून हंसतें व मुद्दाम त्यास पुन्हां तेथेंच पाठवितें. फी भरलेल्या बापास मात्र राहवत नाहीं. तो हळूच बाण फिरवितो. ससा गाजरास पोहोंचतो, पण धडा तेथेंच बुडतो. ही घाई मूर्खपणाची नव्हे. ज्यांचा संसार महिन्याच्या पगारावर चालतो, त्यांस उद्यांचें भय वाटणारच. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही तीन ते आठ वर्षांच्या वयास खेळांतून शिक्षण नेमून देऊन कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेविलें आहे.

मुलाच्या भविष्याची तरतूद करणें हें आईबापांचें कर्तव्य खरें. पण त्यासाठीं त्याचा वर्तमानकाळ गहाण टाकण्याचा अधिकार त्यांस कोणीं दिला? बाल्य ही मोठेपणाची नुसती पूर्वतयारी नव्हे. तेंही आयुष्यच आहे. म्हणून प्रत्येकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या खेळापासून पुढें दमडीचाही लाभ होणार नाहीं असें कळलें, तरी मी मुलास तो खेळूं देईन काय? देईन असें मन म्हणत असेल, तर वर्गास खुशाल पाठवावें. म्हणत नसेल, तर संध्याकाळीं घरीं परतल्यावर मुलाशेजारीं जमिनीवर बसावें, आणि ससा चुकूं द्यावा.